गळ्याचा फर्मा

मित्रांनो, मी एक जुना दिव्याचा डबा आहे. छातीच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत भिंतीवर असतो. पुढे दुधी काच, आत दोन ट्यूबलाइट आणि वर एक्स-रे अडकवायचे चिमटे. नवा होतो तेव्हा फार भाव खायचो. माझ्यावर फिल्म लावल्याशिवाय कुणाच्या छातीबद्दल इथे चकार शब्द निघत नसे.

मग टेबलावर संगणक आला आणि माझ्या चिमट्यांना कॅलेंडर लागलं. कंपाउंडर कोपऱ्यावर छत्रीसुद्धा टांगायचा. वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

एके दिवशी ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई लेकीला घेऊन आल्या. बाईंचा चेहरा सुजलेला, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, जिना चढून धाप लागलेली. स्कॅनमध्ये छातीच्या मधोमध एक घट्ट गोळा दिसत होता. मोठ्या शिरेला तो आवळून बसला होता. कर्करोगाची शंका होती. सुईने काढलेल्या तुकड्यावरून काही ठरेना आणि मोठा तुकडा काढायचा तर छाती उघडावी लागणार होती.

"पूर्वी कधी छातीचा फोटो काढला होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बारा वर्षं झाली. तो आता कुठला राहतोय!"

लेक एकदम म्हणाली, "अगं आई, तुझा गळ्याचा फर्मा!"

दुसऱ्या दिवशी फर्मा आला. ब्लाउजचा गळा आखायला त्या जुन्याच एक्स-रेचा वरचा भाग गोल कापलेला, कडेने खडूच्या खुणा. संगणकाला त्याचं काय करावं ते कळेना. कॅलेंडर उतरलं, माझं बटण दाबलं गेलं. एक ट्यूब नुसतीच लुकलुकत राहिली. आता ऐन वेळी फजिती होते की काय, म्हणून माझा जीव टांगणीला लागला. अखेर ती पेटली.

तोच डाग, त्याच जागी. फक्त थोडा लहान.

"कर्करोग बारा वर्षं असा गप्प बसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जुन्या संसर्गाचा हा व्रण आहे. फार विरळा आजार. व्रण घट्ट होतो आणि शिरा आवळतो."

"टाके ओढले की कापडाला चुण्या पडतात, तसं?"

"अगदी तसं. हे टाके उसवता येत नाहीत. पण शिरेत जाळीची नळी बसवून वाट मोकळी करता येईल."

मायलेकी एकमेकींचा हात धरून रडल्या. मला हात असते तर मीही डोळे पुसले असते.

छाती न उघडता नळी बसली आणि सूज उतरली. आजार आहेच, सहा महिन्यांनी तपासायला यावं लागतं. पण बाई आता जिना बोलत बोलत चढतात. परवा त्यांनी माझ्या उजेडात फर्म्याचा गळा कागदावर उतरवून घेतला आणि फिल्म डॉक्टरीणबाईंना देऊन टाकली.

माझी ती ट्यूब मात्र अजून कुणी बदललेली नाही. असो. मित्रांनो, जुने एक्स-रे टाकू नका. हवे तर गळे कापा, पण छाती तेवढी शाबूत ठेवा.