शेंदरी टोकाचा तुकडा

मिलो पावडरच्या रिकाम्या डब्यात हात घालून रोहायाने चिठ्ठी काढली, उलगडली आणि तिचं तोंडच उतरलं. चौदा चिठ्ठ्यांतून हिच्या वाट्याला आला अकरा नंबर.

"दहा जणांनी हात मारल्यावर मी काय घरी खडी न्यायची?" ती नवऱ्यावर घसरली.

"चिठ्ठी मी काढली का?" जमाल म्हणाला आणि रुमालाने मान पुसू लागला. खोलीतल्या एसीने सगळे कुडकुडत होते आणि हा माणूस सकाळपासून घामाघूम. काहीतरी खाल्लं असेल बाहेरचं, असं म्हणून तिने त्याचा नाद सोडला.

सिंगापुरातल्या पासिर रिसच्या त्या क्लबात ही मंडळी दर तीन महिन्यांनी जमत. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत वाढवलेल्या पोवळ्यांचे बोटभर तुकडे प्रत्येकाने आणायचे, चिठ्ठ्या काढायच्या आणि नंबराने एकेक उचलायचा. रोहायाकडे द्यायला तुकडा नव्हता, म्हणून तिने पन्नास करी पफ तळून आणले होते. मंडळींनी ते आनंदाने चालवून घेतले.

तुकडा असणार कुठून? जूनमध्ये दोघं भाच्याच्या लग्नाला क्वांतानला गेली आणि मागे टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं. तीन दिवसांनी परत येऊन बघतात तर सगळी पोवळी हाडासारखी पांढरी. दोन मासे तेवढे तगले होते. त्यात तिचं ते लाडकं पोवळंही गेलं. नखाएवढं आणून सहा वर्षांत तिने ते फुलकोबीच्या गड्ड्याएवढं केलं होतं. मुळाशी हिरवं, वर जांभळं आणि प्रत्येक टोकाला शेंदरी ठिपका. तसं अख्ख्या सिंगापुरात कुणाकडे नाही, हा तिचा तोरा. तो टिकावा म्हणून तिने त्यातला कणही कुणाला दिला नव्हता. क्लबातले बेंग सियोंग अंकल तीनदा मागून गेले, तीनदा चहा पिऊन परतले. आठ महिने टाकीकडे बघवत नव्हतं तिला. गेल्या आठवड्यात मात्र ती अचानक म्हणाली, चला, पुन्हा सुरू करू. आणि आज पहाटेपासून ती लग्नाला निघाल्यासारखी तयार होऊन बसली होती.

पडदे ओढले, निळे दिवे लागले आणि ट्रेमधले तुकडे झगमगायला लागले. पोपटी, गुलाबी, लिंबासारखे पिवळे. रोहाया आपला नंबर विसरली. "हे बघा! अगंबाई, आणि हे!" करत ती एका ट्रेवरून दुसऱ्या ट्रेवर धावत होती. निळा उजेड डोळ्यांना फसवतो, हे ती जुनी खेळाडू जाणून होती. म्हणून मन बसेल तिथे ती पर्समधली पांढरी बॅटरी मारून खरा रंग बघून घेई.

अंकलच्या ट्रेच्या कोपऱ्यात एक दोन फांद्यांचा हिरवा तुकडा होता. निळ्या उजेडात अगदी साधा. तिने सहज बॅटरी मारली आणि ती आणखी खाली वाकली. खाली हिरवा, वर जांभळा, टोकाला शेंदरी.

"अबांग!" तिने नवऱ्याला हाक मारली. "इकडे या! हे बघा, अगदी आपल्यासारखं!"

"दिसतंय खरं," जमाल म्हणाला.

"पण आपलं तर कुणाकडे गेलंच नव्हतं."

"हो ना," एवढंच बोलून तो करी पफच्या टेबलाकडे सटकला.

मग सुरू झालं उचलणं. एक नंबरने गुलाबी उचललं. दोन, तीन, चार. प्रत्येक हात अंकलच्या ट्रेवरून फिरला की रोहाया नवऱ्याचं मनगट आवळायची आणि पुढे सरकला की सोडायची. मंडळी चमचमणाऱ्या मालावर तुटून पडत होती. कोपऱ्यातल्या त्या बापड्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. आठ झाले. नऊ झाले. एकच राहिला! रोहायाला आता उभंही राहवेना.

दहा नंबर होती मेई क्वान, दाताच्या दवाखान्यातली नर्स. टाकी घेऊन जेमतेम सहा महिने झालेली. तिनेही पर्समधून पांढरी बॅटरी काढली. हळूहळू फिरवली, कोपऱ्यात थांबली आणि तुकडा अलगद उचलला.

"ते नको!" जमाल केवढ्यांदा ओरडला. "त्याला कीड आहे!"

"कीड?" अंकल खुर्चीतून ताडकन उठले. "माझ्या मालाला कीड? तीनदा औषधात बुडवून आणलंय मी! आणि तूच आणून दिलेलं ना रे मला, चोरून, आता तूच..." आणि त्यांनी जीभ चावली.

रोहाया सावकाश नवऱ्याकडे वळली.

"चार वर्षं झाली, रोहाया," जमाल पुटपुटला. "अंकल तीनदा रिकाम्या हाताने गेले. मलाच लाज वाटली. एक फांदी मोडून दिली."

"ती आपल्या टाकीतल्या खेकड्याने मोडली होती!"

"खेकड्याने काही केलं नव्हतं."

"मी त्याला घराबाहेर काढला!"

"माझंही गेलं मागच्या वर्षी," अंकल मध्ये पडले. "पण मी त्यातलं बेडोकच्या एका मास्तरांना दिलं होतं. त्यांच्याकडून हे परत मिळवलं. हातात दिलं असतं तर याचं बिंग फुटलं असतं, म्हणून तुला सापडेल असं ट्रेत ठेवलं. तुझा नंबर अकरा निघेल हे कुणाला माहीत?"

"आणि तुम्ही आठ महिने गप्प?" तिने नवऱ्याला विचारलं.

"सांगितलं असतं, तर खेकड्यामागून मलाही काढलं असतंस."

सगळी खोली हसली. रोहायाला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती आणि त्याच्या गळ्यातही पडावंसं वाटत होतं. तिचं पोवळं जिवंत होतं! ती खुळ्यासारखी हसत डोळे पुसत राहिली.

मेई क्वानने तुकडा पुढे केला. "आंटी, तुमचंच आहे हे. घ्या."

हात पुढे गेलाच होता. तिने तो मागे घेतला. "नंबर तुझा. उचललंस तू. तुझं."

"मग तोडू या?"

"एवढ्याशाचे दोन?" अंकल म्हणाले. "लहान तुकडा दगावतो, पोरी. आणि तोडायचंच असेल, तर एकाने तोडायचं आणि दुसऱ्याने आधी निवडायचं. आपल्यात असंच चालतं."

"आंटी, तुम्ही तोडा," मेई क्वान म्हणाली. "मी कधी तोडलं नाही."

मीही नाही, असं रोहायाच्या ओठांवर आलं होतं. सहा वर्षांत कधीच नाही. अंकलनी कात्री दिली. तिने बेचक्यात पातं टेकवलं, डोळे मिटले आणि दाबलं. कट्! एक फांदी चांगली बोटाच्या पेराएवढी निघाली आणि दुसरी चण्याच्या डाळीएवढी.

मेई क्वानने दोन्हींवर बॅटरी मारली आणि क्षणाचाही विचार न करता मोठी उचलली.

रोहायाची नजर उरलेल्या डाळीएवढ्या तुकड्यावर गेली. क्षणभरच. मग तिला हसू फुटलं. "पक्की आहेस गं! शिकशील तू."

डाळीएवढा तुकडा तिने पाण्याच्या पिशवीत घातला, गाठ मारली आणि ती पिशवी दोन्ही हातांत धरली. जमाल भीतभीत जवळ आला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, पण पिशवी त्याच्या हातात दिली आणि फोन काढला.

"फोन नंबर सांग तुझा," ती मेई क्वानला म्हणाली. "माझं गेलं तर तुझ्याकडे येईन. तुझं गेलं तर माझ्याकडे ये. आणि वाढलं ना, की आणखी कुणालातरी दे."

"तुम्हाला विचारून देईन, आंटी."

"छे गं," रोहाया म्हणाली. "मला न विचारता दे."