एका हेडरचं वेगळं निघणं

मित्रांनो, पानाच्या डोक्यावर एक बारकी ओळ असते बघा, कुणीच न वाचणारी? ती मी. हेडर म्हणतात मला. वय विचारू नका. आमच्या इमारतीचा अंक दरवर्षी निघतो, आणि नवी फाईल करायचा इथे सगळ्यांना कंटाळा. जुनीच उघडायची, आतलं पुसायचं, नवं भरायचं. माझ्या अंगावरून किती नावं आली नि गेली, माझं मला ठाऊक. कौतुक? शून्य. चूक झाली की मात्र सगळ्यांची बोटं माझ्याकडे.

यंदा अंकाचं काम तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे आलं. पहिलं पान वॉचमनकाकांच्या कुत्र्याचं. बिचारा नुकताच गेला. म्हणून वहिनींनी माझ्यावर लिहिलं, 'आमच्या काळूला भावपूर्ण श्रद्धांजली'. ठीक. पण मी एका पानावर बसणारा प्राणी नाही ना! एकदा लिहिलं की सगळ्या पानांवर तेच. आणि दुसऱ्या पानावर वहिनींचे सासरे. ऐंशी पूर्ण. आयुष्यात पहिल्यांदा फोटो छापून येणार म्हणून म्हाताऱ्यानं कोट इस्त्री करून घातलेला.

फाईल ऑनलाइन, सगळ्यांच्या फोनवर उघडी. सासऱ्यांनी पाहिली.

"सूनबाई, मी गेलो कधी? आणि गेलो ते गेलो, काळू म्हणून गेलो?"

"अहो बाबा, चुकून झालं. बदलते ना."

"राहू दे. माझं मी बघतो."

बघतात कसले! मला खोडून त्यांनी 'ऐंशीव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' केलं. झालं! वॉचमनकाका तणतणत वर आले.

"वहिनी, माझं कुत्रं मेलंय आणि तुम्ही शुभेच्छा देताय?"

काकांनी आपल्या फोनवरून श्रद्धांजली परत घातली. तिसरं पान पाण्याच्या टाकीच्या अहवालाचं. ते लिहिणारे सेक्रेटरी भडकले. "माझ्या टाकीला कसली श्रद्धांजली?" आणि ठोकलं, 'साचलेला गाळ अखेर काढला'. आता सासऱ्यांच्या कोटावर गाळ. मला तर असला संताप आला! जो तो आपल्या पानापुरतं बघतोय, आणि फरफट माझी.

सासऱ्यांनी या वेळी मला खोडलं नाही. फोन बाजूला ठेवला. ते जास्त वाईट.

"माझं पान काढून टाक," एवढंच म्हणाले. "संध्याकाळी छापायला जायचंय ना? जाऊ दे माझ्याशिवाय."

वहिनींचा चेहरा खर्रकन उतरला. मग पदर खोचून त्या जिन्यात आल्या आणि कडाडल्या, "फोन खाली ठेवा सगळ्यांनी! माझ्या फाईलला हात लावला तर बोटं मोडीन!"

मग बसल्या. दर दोन पानांच्या मध्ये एकेक भिंत घातली. सेक्शन ब्रेक म्हणतात तिला. तरी मी ढिम्म. भिंतीपलीकडेही तोच गाळ. कारण माझ्या शेजारी एक बारीक चौकोन असतो, 'मागच्याशी जोडलेलं', आणि त्यात टिक असते. ती कुणाला दिसत नाही. वहिनींना दिसली. दुसऱ्या पानावरची काढली, तिसऱ्यावरची काढली.

मित्रांनो, काय सांगू! घर तेच, चुली वेगळ्या. एकाचे तीन झालो आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. काळूला श्रद्धांजली मिळाली, टाकीला गाळ. सासऱ्यांच्या पानावर मात्र वहिनींनी मला कोरा ठेवला आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, तुम्हीच लिहा. आता ते दुसरीकडे कुठे जाणार नाही. आणि तुमच्या पानावरही कुणाचं काही येणार नाही."

"नक्की?"

"नक्की. लिहा तरी!"

म्हाताऱ्यानं चष्मा पुसला. एका बोटानं टकटक सुरू केली. छापखान्याचा माणूस दारात ताटकळत उभा.

म्हणून हात जोडून सांगतो, मला बदलायच्या आधी मी कुणाकुणाशी बांधलेलो आहे ते बघत जा. खाली वर चार पानं चाळली तर बोटं झिजत नाहीत तुमची.

अंक छापून आला. दुसऱ्या पानावर, कोटाच्या बरोब्बर वर, मी ताठ उभा आहे: 'हा माणूस जिवंत आहे. चहाला या.'