अव्वासाठी बोर्ड

मंजुश्रीची आई गुरम्मा मुरुडला एकटी राहायची. तिला ऐकू येणं जवळपास बंद झालं होतं. दिवाळीला मंजुश्री नांदेडहून गेली, तेव्हा बेल दाबत बराच वेळ दारात उभी राहिली. शेवटी मागच्या अंगणातून आत शिरावं लागलं. परत आल्यावर तिनं ठरवलं, बेल दाबली की स्वयंपाकघरात दिवा लागला पाहिजे.

हौसेनं सर्किटं ती पूर्वीही जोडायची. हेही ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा नुसत्या खोचायच्या पाटीवर, लगेच चाललं, पण हात लागला की तारा निसटायच्या. पक्का बोर्ड बनवून घ्यायचा, तर आधी त्याचं डिझाइन हवं. कॉलेजात शिकलेलं सॉफ्टवेअर आता दरवर्षी वर्गणी मागत होतं. एका दिव्यासाठी ती भरायला तिचं मन होईना. दुसरं फुकट होतं, पण नेटवरच चालायचं, आणि तिच्या खोलीतलं नेट सारखं जायचं. तिसरंही फुकटच, आपल्या कॉम्प्युटरवर राहणारं, पण शिकायला किचकट. डब्याच्या वेळी तिनं ऑफिसात विषय काढला.

"तयार बेल मिळत्यात की बाजारात, मॅडम," शेजारची म्हणाली.

मंजुश्रीनं पुन्हा विषय काढला नाही. तिनं तिसरं घेतलं. संध्याकाळी व्हिडिओ लावून बसायची. त्यातला माणूस भराभर बोलायचा. "थांब रे, कुठं दाबलंस?" ती मोठ्यानं विचारायची. त्या खोलीत दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं व्हायचं.

पहिला बोर्ड आला, पण त्यात दिवा चालू-बंद करणारा भाग, रिले, बसेचना. पिनांचं चित्र खालून बघायचं होतं, तिनं वरून धरलं होतं. तिनं आईला फोन लावला. दिवाळीपासून गुरम्मा मोबाइल कमरेलाच खोचून ठेवायची, थरथरला की उचलायची.

"अव्वा, बोर्ड उलटा झाला!"

"काय उलटलं? बस उलटली का गं?"

मंजुश्रीला हसू फुटलं आणि मग एकाएकी रडू आलं.

दुसऱ्या वेळी तिनं डिझाइन खऱ्या मापात कागदावर छापलं, एकेक भाग त्यावर ठेवून पाहिला, मगच बोर्ड बनवायला पाठवला.

संक्रांतीनंतर ती मुरुडला गेली. दिवा बसवला आणि बाहेर जाऊन बेल दाबली. दार लगेच उघडलं.

"लई भारी हाय गं! लालभडक लागलं बघ," गुरम्मा म्हणाली.

जेवताना ती मधूनमधून वर दिव्याकडे बघत होती. दुपार कलली तरी तो पुन्हा लागला नाही.

"दिवा चांगला हाय," ती म्हणाली, "पर आता येतंय कोण?"

"मी येते की."

ते आईला ऐकूच गेलं नाही. मंजुश्रीनं कानाशी वाकून पुन्हा सांगितलं.

"कधी?"

"पुढच्या महिन्यात."

गुरम्मानं मान हलवली.

बसची वेळ झाली. दार लागल्यावर मंजुश्रीला बेल दाबावीशी वाटली. पण आई बिचारी पुन्हा उठून आली असती. ती तशीच स्टँडकडे चालू लागली.