जिवंत बाईच्या फोटोला हार

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या मराठी मंडळात चैत्राचं हळदीकुंकू म्हणजे संध्याकाकूंचं राज्य. यंदा त्यांनी टूम काढली, प्रत्येकीनं आपल्या घराण्यातल्या एका कर्तबगार बाईचा फोटो आणायचा. ऊर्मिलानं आणला वडिलांच्या आत्याचा, अहिल्याआजीचा. खाकी साडी, खांद्यावर पट्टी, आणि नजर अशी की फोटो काढणाराच दचकला असावा.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौजेच्या मदतीला बायकांची तुकडी होती. त्यात अहिल्या टेलिफोन जोडायची. वर्दी चढवली म्हणून ठरलेलं लग्न मोडलं, आणि मग कुठल्याच दारातून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. आता ती पुण्यात अंथरुणाला खिळली होती, शंभरीला टेकलेली. डॉक्टर म्हणाले होते, भेटून घ्या. तान्ह्या अन्वीला घेऊन ऊर्मिला कशी जाणार? तिला एवढंच हवं होतं, आजीचे डोळे उघडे आहेत तोवर चार बायकांनी दिलेला मान तिला दिसावा.

"इंग्रजांची चाकरी केलेली बाई?" मंडळाचे अध्यक्ष पद्माकरकाका, म्हणजे काकूंचे यजमान, फोटो हातभर लांब धरून म्हणाले. "लोक तुरुंगात जात होते तेव्हा ही गोऱ्या साहेबाला फोन जोडून देत होती. आणि लढाई कुणाशी? जर्मनांशी! हॉलची देखरेख करणाऱ्या हाउसमाइस्टरनं विचारलं तर काय सांगू?"

"काका, तुम्ही पण गोऱ्या साहेबालाच मशीनं जोडून देता. त्याबद्दल तर मंडळानं तुम्हाला शाल दिली."

कुणीतरी पदरात फिसकन हसलं. काका लालबुंद झाले.

"शिवाय बिनलग्नाची," काकूंनी तोंड घातलं. "सवाष्णींचा कार्यक्रम आहे हा, ऊर्मिला. काही तारतम्य?"

"मग पन्हं आणि आंब्याची डाळ मी घरी नेते, काकू. सवाष्णींना नळाचं पाणी पाजा."

पातेली खरोखरच तिची होती. काकांनी दात आवळले. "आल्झो... बरं, ठेवा त्या कोपऱ्यात. विषय संपला."

तेवढ्यात अन्वीनं सूर लावला. ऊर्मिला तिला पाजायला मागच्या खोलीत गेली. बाळ पीत असतानाच पुण्याहून तिच्या चुलतबहिणीचा, वैभवीचा व्हिडिओ कॉल आला. "आजीला टेकवून बसवलंय. पटकन दाखव, फार वेळ बसवत नाही तिला."

बाळ खांद्यावर, फोन हातात, ऊर्मिला लगबगीनं हॉलमध्ये आली. कॅमेरा कोपऱ्याकडे वळवला.

फोटोला ठसठशीत हार. पुढे समई, उदबत्ती.

"जुना फोटो, म्हटलं गेल्या असतील," काकू म्हणाल्या. "रीत नको सोडायला."

"कोण गं ती?" फोनमधून खरखरीत आवाज आला. "मला मारून मोकळी झालीस का, बाई? जरा थांबायचंस की!"

"आजी, चुकून..."

"चुकून कसलं! आमचं लग्न मोडलं तेव्हाही असंच, मी समोर उभी असताना मी नसल्यासारखं बोलले सगळे. काढ तो हार आधी. आणि कुंकू लाव म्हणावं तिला."

काकूंनी कुंकवाची कुयरी उचलली आणि पोटाशी धरली. "असं फोनवर कुठे लावतात का?"

ऊर्मिलानं हार ओढून काढला, फोन फोटोला टेकवून ठेवला, काकूंच्या हातातून कुयरी जवळजवळ हिसकावली आणि फोनच्या काचेवरच्या सुरकुतलेल्या कपाळाला कुंकवाचं बोट टेकलं. दुसरी एकही बाई पुढे आली नाही. काका घड्याळ बघत राहिले.

"लावलंस का? मला काही कळलं नाही इथे."

"लावलं, आजी." काचेवरच्या लाल ठिपक्याखाली आजीचं बोळकं तोंड हसत होतं.

"तू एकटीच लावलंस, होय ना?"

ऊर्मिलाच्यानं खोटं बोलवेना.

"असू दे. त्यांना सांग, हार फ्रीजमध्ये ठेवा. लवकरच लागेल." मग थोडं थांबून, "आणि ते बाळ खाली वाकव बघू. ह्या बायांपेक्षा तिलाच बघू दे मला."