डाळिंबी ब्लाउज

"मालन, हे काय केलंस गं?" भागूबाईने डाळिंबी ब्लाउज अंगाला लावून पाहिला आणि ती हसायलाच लागली. "ह्यात माजा एक हात तरी जाईल का?"

"तुजा नायच तो. ऋतिकाचा हाय. तुजा हा पांढरा."

"उलटं केलंस. पांढरा नवरीचा, डाळिंबी माजा."

कळंबमध्ये निम्म्या बायकांची शिलाई माझ्याकडे असते. मापं दोघी मायलेकींची घेतली होती, कापडं दोन होती, आणि कुठलं कुणाचं हे विचारायची मला गरजच वाटली नव्हती. नवरीला पांढरं कोण नेसवतं? आणि नवरा गेलेल्या बाईला डाळिंबी? आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही.

"आमच्या चर्चमदी नवरी पांढरंच नेसते," भागूबाई म्हणाली. "आन् तिला हाताला धरून मी आत नेनार हाय."

"तू?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मी नाय तर कोण?"

भागूबाई गावाजवळच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापते. ऋतिका रांगत होती तेव्हा भागूबाईचा नवरा पांडू टेंपोच्या अपघातात गेला. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक लग्नात ती राब राब राबायची आणि हळद लावायची वेळ आली की आपणहून भिंतीकडे सरकायची. पुढे कुणाच्या तरी ओळखीने कर्जतच्या चर्चमध्ये जाऊ लागली. गावाने नावं ठेवली, मीही ठेवली. एकदा न राहवून विचारलंच, असं काय मिळतं तुला तिथे?

"पयल्याच रविवारी एका बाळंतिणीनं तिचं पोर माज्या मांडीवर ठेवलं," ती म्हणाली. "म्हनली, मावशी, आशीर्वाद द्या. माजा आशीर्वाद आजवर कुनी मागितला नव्हता गं. चर्चचे पाळक म्हनले, तू देवाची लेक हाईस. मी म्हटलं, मंग आता मागं का बसू?"

आता ते सगळं आठवलं. मी दोन्ही ब्लाउज उसवायला घेतले.

लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात तिचा दीर हिरामण नवी टोपी घालून उभा होता. माणूस वाईट नाही. पांडूच्या मागे त्याने या दोघींना कधी उघड्यावर पडू दिलं नाही.

"वयनी, तुमी मागं बसा," तो हळूच म्हणाला. "पोरीला मी नेतो. आज चांगला दिवस हाय, उगाच काय व्हायला नको."

आणि भागूबाई सरकली. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप भिंतीकडे वळले. मला असा राग आला म्हणता! एवढी उसवाउसव मी काय यासाठी केली होती?

आत पेटी वाजू लागली. पांढऱ्या साडीतली ऋतिका मात्र जागची हलली नाही. तिने काकाकडे पाहिलं, मग आईकडे हात पुढे केला आणि तशीच उभी राहिली.

भागूबाईने पदर सारखा केला आणि भिंत सोडली.

"भावजी, तुमचा मान हायच. तुमी आमच्या मागून या. पन पोरीला मीच नेनार. माजा पाय वाईट असता तर देवानं मला लेक म्हटलं नसतं."

हिरामण बाजूला झाला. क्षणभर घुटमळला आणि मग टोपी हातात घेऊन त्यांच्या मागून चालू लागला.

"या मुलीला कोण देत आहे?" पाळकांनी विचारलं.

"मी. भागूबाई. तिची आई."

चर्चभर ऐकू गेलं. वाटलं, ही आमच्या कळंबची बाई आहे हे उठून सगळ्यांना सांगावं.

लेक आईपेक्षा चांगली उंच. आशीर्वाद द्यायला भागूबाईला हात बराच वर न्यावा लागला. तिच्या डाळिंबी ब्लाउजच्या शिवणीत दुमडून ठेवलेली होती नव्हती ती सगळी माया मी सोडली होती, तरी तो तिला जेमतेमच झाला होता. बगलेतले टाके सुटलेले मला कडेच्या बाकावरून दिसले. तिलाही कळलं असणार. पण लेकीच्या डोक्यावरचा हात तिने खाली घेतला नाही.