सरांचं अर्धं पाऊल

धाडच्या स्टँडवर चहाचा कप सरकवता सरकवता पंजाबरावांनी काडी टाकली. "नागसेन सर, गुरुवारी तुम्ही बुलढाण्याच्या शाळेवर शिकवाले जाता ना, तवा तुमची मनाली पांढऱ्या पट्टेवाल्यांले कांकू-दाई शिकवून राह्यली. खिडक्या लावून!"

झालं! सरांना तो चहा कडूच लागला.

कांकू-दाई म्हणजे कराटेतली पासष्ट हालचालींची काता, समोर कुणी नसताना एकट्यानं करायची लढाई. तपकिरी पट्टा मिळाल्याशिवाय सर ती कुणाला दाखवतही नसत. अन् ही पोरगी कालपरवा आलेल्यांना शिकवते? वेगळा क्लास काढायचा असणार, दुसरं काय! दिवाळीत काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत नापास झाली, तेव्हापासून तिचं वागणं बदललंच होतं. सर आले की सगळे गप्प. परवा तर अंगणवाडीच्या सरस्वतीबाई, वय पंचेचाळीस, पट्टा पांढरा, सरांना बघताच उचललेला हात पदर सावरल्यासारखा डोक्यावर नेऊन उभ्या राहिल्या. कुठंतरी पाणी मुरत होतं, नक्की. बारा वर्षं हिला पोरीसारखं शिकवलं आणि हे फळ! सरांचा जीव जळत होता.

त्या गुरुवारी सरांनी बस सोडून दिली. क्लास भरतो त्या समाजमंदिराच्या मागं जाऊन, पन्नाशीचा माणूस, चोरासारखा खिडकीच्या फटीला डोळा लावून उभा राहिला.

आत पांढरे, पिवळे, हिरवे, सगळे पट्टे एका रांगेत. मनाली म्हणाली, "पह्यले परीक्षेची." सगळे निघाले. उजवीकडं वळण आलं आणि सरांच्या मस्तकात तिडीक गेली. वळायच्या आधी अर्धं पाऊल मागं घ्यायचं असतं, ते कुणीच घेतलं नाही! बिघडवली, माझी काता बिघडवली हिनं.

"आता सरांची," मनाली म्हणाली. पुन्हा तीच काता. या वेळी सगळ्यांनी अर्धं पाऊल मागं घेतलं, अगदी सर घेतात तसं.

सर दार ढकलून आत घुसले. "दोन दोन काता? काय चाललंय बे हे?"

मनालीच्या आधी सरस्वतीबाईच बोलल्या. "सर, त्या अर्ध्या पावलापायी नापास केलं हिले. कोणी शिकवलं म्हून परीक्षकायनं इचारलं तं म्हने, माझीच चूक हाये. एकदा अंगात भिनलं का जात नाही, म्हून आमाले आत्ताच शिकवून राह्यली. अन् तुमची बी शिकवते, तुमच्यासमोर कोनाचं चुकू नये म्हून."

सर ओट्यावर बसले. तीस वर्षांमागचं मलकापूरचं गोदाम त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. तिथं शिकताना उजव्या अंगाला कापसाच्या गठाणी रचलेल्या असत. कोपर लागू नये म्हणून सगळेच वळायच्या आधी अर्धं पाऊल मागं सरत. गठाणी हे कारण होतं, हे त्यांना आजवर सुचलंच नव्हतं.

"पोरी, मले सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही इचारलंच नाही, सर." मनाली म्हणाली. "'पोरीनं माझं नाव घालवलं' म्हून चार लोकांत बोलले फक्त."

सर उठले आणि सरस्वतीबाईंच्या शेजारी, पांढऱ्या पट्ट्यांत जाऊन उभे राहिले. "शिकव मले. परीक्षेची."

वळण आलं. पाय आपसूक मागं गेला. "मागं नाही, सर," सरस्वतीबाई कुजबुजल्या. पुन्हा सुरुवात. पुन्हा पाय मागंच. तिसऱ्यांदाही तेच झालं. कुणी हसलं नाही.

मग मनाली पुढं आली, खाली बसली आणि तिनं सरांची टाच दोन्ही हातांनी फरशीवर दाबून धरली.

"आता वळा, सर."