शनिवारचा खरारा

घोडा दोन पावले मागे सरकला आणि समुपदेशक बाई हसल्या.

"आवाज काय गोड लावता हो तुम्ही. पण त्याला आवाजाशी काही देणंघेणं नाही. तुम्ही मघापासून श्वास रोखून उभ्या आहात, ते त्याला कळतंय."

ताईंनी श्वास सोडला. सांगितलेले काम त्या लगेच करायच्या. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती. रुग्णवाहिका बोलावायला लोक फोन करतात ना, तो फोन ताई उचलत. पलीकडे कुणी किंचाळो, शिव्या घालो, ताईंचा आवाज तसूभर हलत नसे. कचेरीत त्यांना फ्रीजताई म्हणत आणि नव्या मुलींना मुद्दाम त्यांच्या शेजारी बसवत, थोडा गारवा लागावा म्हणून.

आठ महिन्यांपूर्वी नवरा गेला. नवव्या दिवशी त्या कामावर हजर. रडल्या नाहीत, जेवण सुटले नाही, झोपही वेळेवर येत होती. कचेरीच्या डॉक्टरांनी नेमका याचाच धसका घेतला आणि त्यांना इथे धाडले. दर शनिवारी सकाळी तासभर. घोड्यावर बसायचे नाही. खराऱ्याच्या ब्रशने त्याचे अंग घासायचे, त्याच्याबरोबर चालायचे, नाहीतर नुसते उभे राहायचे. "पगार देऊन घोडा पुसायला लावतात," असे ताई शेजारणीला म्हणाल्या होत्या. घोडाही असा, की दात झिजलेले, पाठ झोळीसारखी खचलेली. सगळे त्याला आजोबाच म्हणत.

ताईंना गाडीतून आणायची लेक. चोवीस वर्षांची, बापासारखी उंच. ती कामापुरतेच बोले. "पट्टा लाव." "उतर." मग तासभर कुंपणापलीकडच्या बाकावर मोबाइलमध्ये डोके खुपसून बसे. पुढच्या रविवारी ती दुसऱ्या शहरात नोकरीला जाणार होती. खोके बांधून झाले होते आणि परत केव्हा येणार हे तिने सांगितले नव्हते. असेच राहिले तर पोर कायमची दुरावली, एवढे ताईंना कळत होते. पण कळूनही आत काही हलत नव्हते. भूल दिलेल्या हिरडीवरून जीभ फिरवावी तसे नुसते.

"आज त्याला सांगा," समुपदेशक बाई म्हणाल्या. "त्या दिवशी काय झालं ते."

"घोड्याला?"

"मला तीनदा सांगून झालंय. मान डोलावून डोलावून माझी मान दुखायला लागली. तो डोलावणार नाही."

त्या लांब जाऊन कठड्याला टेकल्या. ताईंनी खरारा हातात घेतला आणि अहवाल वाचावा तशी सुरुवात केली.

"सकाळी दहा चाळीसला फोन आला. मी उचलला. चष्म्याच्या दुकानातून एक मुलगी बोलत होती. वडील पडलेत म्हणाली."

इथवर सगळ्यांना ठाऊक होते. मुलगी ताईंची, पडलेला माणूस ताईंचा, आणि दहा टेबलांपैकी फोन आला तो ताईंच्याच टेबलावर. गडबडीत पोरीचा आवाज ओळखू आला नाही, असे त्यांनी साहेबांना सांगितले होते, नणंदेला सांगितले होते, लेकीलाही. ती आई आई करत होती खरी, पण त्या फोनवर सगळेच आई आई करतात. लोकांना पटले होते. लेक त्यावर काही बोलली नव्हती.

"मी म्हटलं, घाबरू नका. रुग्ण तुमचे कोण? ती म्हणाली, बाबा. मग म्हटलं, छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवा. मी मोजते तसं दाबा. एक, दोन, तीन, चार…"

ताई मोजत राहिल्या. आकड्यांबरोबर खरारा जोरात पडू लागला. आजोबांनी कातडी थरथरवली, कान मागे पाडले आणि ते सरळ बाजूला झाले. ताईंचा हात हवेत चालूच राहिला. सत्तावीस, अठ्ठावीस.

तो हात थांबवायला त्यांना दुसरा हात लावावा लागला. मग त्या तिथेच भुशात बसल्या. रडू आले नाही. थोड्या वेळाने आजोबा परत आले, त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि शेपटीने माशी उडवली. आजोबांना कसलीच चौकशी करायची नव्हती.

"मी पहिल्या हॅलोलाच ओळखलं," ताई त्यांच्या खुरांकडे बघत म्हणाल्या. "पोटची पोर, न ओळखायला काय झालं? ओळखलं, आणि तरी विचारलं, रुग्ण तुमचे कोण."

फाटक करकरले. लेक आत येऊन उभी होती. मोबाइल बाकावरच राहिला होता.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आठ महिने मी स्वतःची समजूत घालतेय, की हिला कळलं नसेल. माझं नाव का नाही घेतलंस?"

खोटे रेटायला अजूनही वाव होता. फोनवरचा तो थंड आवाज ताईंना कधीही लावता आला असता.

"नाव घेतलं असतं तर माझे आकडे चुकले असते," त्या म्हणाल्या. आवाज जरा फाटला. "मग तुझे हात थांबले असते. मला वाटलं, मोजत राहिले तर बाबा राहतील."

"अकरा मिनिटं मोजलंस."

"हो."

"माझे हात भरून आले होते, आई."

"माहीत आहे."

लेकीने माफ केले असे नाही. निदान तसे काही ती म्हणाली नाही. तिने बादलीतून दुसरा खरारा उचलला आणि वळसा घालून घोड्याच्या पलीकडे गेली. ताई उठल्या, कपड्यांवरचा भुसा झटकला. मध्ये घोडा असल्यामुळे दोघींना एकमेकींचे तोंड दिसत नव्हते.

"इथं दुखतंय बहुतेक त्याला," पलीकडून आवाज आला. "हळू कर."

"बरं."

ताईंनी हात हलका केला. घोड्याच्या पोटाखालून लेकीचे बूट दिसत होते. एका बुटाची नाडी सुटली होती आणि त्यावर तिचाच दुसरा पाय पडत होता. ताईंनी तिला नावाने हाक मारली.